‘बाळ दिवसभर जवळच असतं’: घरी आलेल्या १७४० ग्रॅमच्या बाळाचे प्रकरण

हे प्रकरण कोणा एका कुटुंबाचे नाही. कमी वजनाची बाळे रुग्णालयातून घरी आल्यावर पहिल्या काही आठवड्यांत जे वारंवार घडते, ते एका घरात गुंफून अभ्यासासाठी मांडले आहे. वजने, तापमाने आणि वेळा अशा बाळांत दिसतात त्याच मापाच्या ठेवल्या आहेत.

घर आणि बाळ

निफाडकडचे द्राक्षांचे गाव, डिसेंबरचा शेवट. महाराष्ट्रात थंडीचा आकडा सर्वात खाली गेल्याची बातमी बहुतेक वेळा याच तालुक्यातून येते. घर तीन खोल्यांचे, वर पत्रा. घरात सासू, सासरे, नवरा, धाकटा दीर आणि पहिलटकरीण. पहिले बाळंतपण माहेरी करायचे ठरले होते, पण माहेरी जायच्या आधीच पाणी गेले. ३३ आठवडे ५ दिवसांवर मुलगा झाला, वजन १६२० ग्रॅम. नवजात शिशू कक्षात तो १७ दिवस होता. पहिल्या पाच दिवसांत वजन १४९० पर्यंत उतरले, मग चढू लागले. सुटीच्या दिवशी तो १७४० ग्रॅमचा होता, सलग तीन दिवस वजन वाढलेले होते आणि दूध नीट ओढत होता. घरी सोडण्यात काही चूक नव्हती.

कक्षात आई त्याला रोज नऊ-दहा तास उघड्या छातीवर घेऊन बसायची. तिथे मागे रेलणारी खुर्ची होती, शेजारी तशाच पाच-सहा बाया होत्या आणि दर दोन तासांनी सिस्टर येऊन बघायची. सुटीच्या कार्डावर एक ओळ होती: ‘घरी कांगारू मदर केअर चालू ठेवा.’ म्हणजे बाळाला असेच कातडीला कातडी लावून छातीवर धरायचे. किती तास, कुठे बसून, आई दमली तर कोणी, हे काहीच नव्हते.

चौथ्या दिवशी काय दिसले

अशा बाळाकडे आशाताईने सुटीच्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी जायला हवे. इथे निरोपच उशिरा पोचला. ती गेली तेव्हा बाळाचा २१ वा दिवस होता. वजन १७५० ग्रॅम भरले. या वजनाच्या बाळाने किलोमागे रोज १५ ते २० ग्रॅम, म्हणजे दिवसाला २६ ते ३५ ग्रॅम वाढायला हवे. चार दिवसांत शंभराच्या वर वाढ अपेक्षित होती, झाली १०.

वजनाच्या आकड्यावर एकदम विश्वास ठेवू नये. रुग्णालयाचा काटा वेगळा, आशाताईचा वेगळा. दोन काट्यांत ३०-४० ग्रॅमचा फरक सहज निघतो, आणि लंगोट-झबल्यासकट तोलले तर आणखी. म्हणून घरी आल्या दिवशीच घरच्या काट्यावर उघड्या बाळाचे वजन करून ठेवावे आणि पुढे त्याच काट्याशी तुलना करावी. इथे ते झालेले नव्हते. निर्णायक ठरले ते तापमान. काखेत थर्मामीटर ३६.१ अंश सेल्सिअस दाखवत होता, हवे ३६.५ ते ३७.५. हाताच्या उलट्या बाजूने पाहिले तर पोट कोमट आणि तळपाय गार. पोट आणि पाय दोन्ही गार असते तर बाळ खरोखर थंड पडलेले समजायचे. पोट कोमट आणि पाय गार म्हणजे बाळ अजून झगडते आहे, अंगातली ऊब टिकवायला दूध जाळते आहे.

नऊ महिने न भरलेल्या बाळाच्या अंगावर उष्णता तयार करणारी तपकिरी चरबी फार थोडी असते, आणि वजनाच्या मानाने कातडीचा पसारा मोठा. आईच्या अंगाची ऊब मिळाली नाही की ते पोटातल्या दुधातून ऊब काढते. मग दूध पुरेसे पिऊनही वजन जागचे हलत नाही. घरचे म्हणतात, आईचे दूध पातळ आहे.

आशाताईने आधी धोक्याची लक्षणे तपासली. मिनिटाला ५२ श्वास (६० किंवा जास्त असते तर लगेच रुग्णालय), बरगड्या आत ओढल्या जात नव्हत्या, हाक-हालचाल ठीक, ओढ जरा मंद पण होती, नाळेची जागा कोरडी. मग बाळाला तिथल्या तिथे आईच्या छातीवर घातले. तासाभराने काखेत ३६.६ भरले. हा आकडा ३६.५ वर चढला नसता, किंवा आधीच ३५.५ च्या खाली असता, तर तसेच छातीवर बांधून रुग्णालयात न्यायचे होते.

तास मोजण्याची पद्धत

“दिवसातून किती वेळ छातीशी घेता?” असे विचारले की उत्तर ठरलेले असते. सासूबाईंनी तेच दिले: “ताई, बाळ दिवसभर जवळच असतंय. खाली ठेवीत नाही आम्ही.” ते खोटे नव्हते. बाळ खरोखरच कोणा ना कोणाच्या मांडीवर असे, पण टोपडे, कुंची, झबले, दुपटे आणि वरून गोधडी अशा पाच थरांत. गोधडी बाळाची स्वतःची ऊब राखते. या बाळाकडे राखण्याएवढी ऊबच नव्हती, त्याला बाहेरून मिळायला हवी होती.

म्हणून कालच्या चहापासून आजच्या चहापर्यंतचा हिशेब काढला: अंघोळीआधी काय, जेवण कोणी केले तेव्हा बाळ कुठे, रात्री किती वाजता खाली ठेवले. कातडीला कातडी लागल्याचे एकूण अडीच तास निघाले, तेही पाच तुकड्यांत, प्रत्येक अर्ध्या तासाचा. तासाच्या आतल्या तुकड्याचा फारसा उपयोग नसतो. उचलणे, कपडे काढणे आणि पुन्हा घालणे यात बाळ गार होते, शिणते. स्थिर होऊन गाढ झोप लागते तोवर त्याला काढलेले असते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये अपुऱ्या दिवसांच्या आणि कमी वजनाच्या बाळांसाठी रोज ८ ते २४ तास असे माप दिले आहे. माया किती आहे हे त्या मापात धरलेले नाही. हे घर बाळावर जीव टाकत होते. अडचण सगळी मांडणीची होती.

अडीच तासांवर का आले

पहिले कारण घरातली माणसे. बाळंतिणीची आई तीन दिवस राहून कांद्याच्या लागणीला परत गेली. सासूबाई नऊ ते पाच बागेत मजुरीला. म्हणजे दिवसभर दर दोन तासांनी पाजणे, दूध काढणे, लंगोट धुणे, आणि दुपारची भाकरी हे सगळे एकटीवर. छातीवर बाळ बांधून चूल पेटवता येत नाही, पेटवूही नये.

दुसरे, आडोसा. मधल्या खोलीतून सासरे आणि दीर ये-जा करत. ब्लाऊज उघडून तिथे तासभर बसणे त्या मुलीला शक्यच नव्हते. बाळाला बघायला येणाऱ्यांची रीघ वेगळीच. हे कारण ती स्वतःहून कधीच सांगत नाही. “मला जमत नाही” एवढेच म्हणते.

तिसरे, टाके. बाजेवर सपाट बसले की ओढ बसायची, म्हणून ती आडवी पडून बाळाला पोटावर ठेवायची. तसे बाळ घसरते, दूध वर येते, आईला धास्ती वाटते आणि दहा मिनिटांत प्रकार बंद.

चौथे, सकाळचा विधी. आठ वाजता शेकवणारी बाई येई. तेल, डाळीचे पीठ, कढत पाणी, मग ओवा-बाळंतशेपाची धुरी आणि बाजेखाली शेगडी. यात बाळ पंचवीस-तीस मिनिटे उघडे असे. शेगडीने एक गाल लाल होई आणि पाय गारच राहत. बंद खोलीतला कोळशाचा धूर आई आणि बाळ दोघांनाही घातक. त्यात वास न येणारा विषारी वायू असतो.

पाचवे कारण सासऱ्यांनी बोलून दाखवले: “पैसा असता तर पोरगं काचेच्या पेटीत राहिलं असतं. हे छातीला बांधणं आपल्यासारख्यांसाठी.” या समजाला इतिहासाचा आधार आहे. १९७८ मध्ये कोलंबियातल्या बोगोटा शहरात डॉ. एदगार रेय सानाब्रिया यांनी ही पद्धत सुरू केली तेव्हा पेट्या खरोखर अपुऱ्या होत्या. एकेका पेटीत दोन-तीन बाळे ठेवावी लागत, जंतुसंसर्ग पसरे. पण पुढचे पुरावे वेगळे सांगतात. भारतासह पाच देशांतल्या रुग्णालयांत १००० ते १७९९ ग्रॅमच्या ३२११ बाळांवर झालेला अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटाला जन्मानंतर लगेच छातीवर घेतले, दुसऱ्याला आधी वॉर्मरवर ठेवून प्रकृती स्थिर झाल्यावर. पहिल्या गटाला अतिदक्षता कक्षात रोज साधारण १७ तास स्पर्श मिळाला, दुसऱ्याला दीड तास. २८ दिवसांतले मृत्यू पहिल्या गटात १२ टक्के, दुसऱ्यात १५.७. इतका फरक दिसल्यावर अभ्यास वेळेआधीच थांबवला गेला. घरी काय होते तेही तपासलेले आहे: हरियाणात १५०० ते २२५० ग्रॅमच्या ८४०२ बाळांच्या अभ्यासात घरीच ही पद्धत शिकवलेल्या गटात पहिल्या २८ दिवसांतल्या मृत्यूचा धोका ३० टक्क्यांनी कमी आढळला. आशाताईने सासऱ्यांना आकडे नाही सांगितले. थर्मामीटरवरचा ३६.१ आणि तासाभरानंतरचा ३६.६ दाखवला. तेवढे पुरले.

काय बदलले

सर्वात आधी जागा. आतल्या खोलीच्या दाराला जुन्या साडीचा पडदा. बाज भिंतीला लावून, दोन गोधड्यांची वळकटी आणि त्यावर तक्क्या असा ३० ते ४५ अंशांचा टेका. गुडघ्याखाली उशी, म्हणजे टाक्यांवरचा भार कमी. मांडीजवळ हात पोचेल असे पाणी आणि मोबाइल. तासभर उठायचे नाही तर या गोष्टी लागतातच. खिडकीची फट बंद, पण दार पूर्ण लावायचे नाही.

मग बांधणी. बाळाच्या अंगात लंगोट, टोपडे, मोजे, आणि हवे तर पुढून उघडे बिनबाह्यांचे झबले. दोन स्तनांच्या मध्ये उभे, छाती छातीला. मान एका कुशीला आणि किंचित वर, म्हणजे श्वासाची वाट मोकळी आणि डोळे आईकडे. हनुवटी छातीवर टेकली तर श्वास अडतो. उलट मान फार मागे गेली तरी अडतो. पाय बेडकासारखे दुमडलेले, हात कोपरात वाकलेले. बाळाचे पोट आईच्या पोटाच्या वरच्या भागाशी येते. आईच्या श्वासाबरोबर ते हलते.

पट्टा म्हणून जुन्या सुती लुगड्याचा अडीच मीटर लांब, पाऊण मीटर रुंद तुकडा. नवे कापड घसरते आणि घामही टिपत नाही. वरची कड बाळाच्या कानाच्या पाळीखाली. घट्टपणा बाळाच्या छाती-पाठीवर, पोटावर नाही, कारण एवढी बाळे पोटाने श्वास घेतात. बांधून झाल्यावर आईने उभे राहून पाहायचे: बाळ एक बोटही खाली सरकले तर सोडून पुन्हा बांधायचे. वरून पुढून उघडा गाऊन आणि शाल.

मग माणसे. सासूबाईंनी तीन आठवडे मजुरी सोडली. हा निर्णय सोपा नव्हता. हंगामातली मजुरी हेच त्या घरातले रोख पैसे. पण दीराने पाणी भरणे आणि लंगोट धुणे अंगावर घेतल्यावर तो जमला. दिवस असा पडला: पहाटे ४ ते ६ आई, ९ ते ११ आई, १२ ते १.३० सासूबाई, ३ ते ४.३० आई, रात्री ८.३० ते १०.३० बाप, ११ ते १ आई. कागदावर अकरा तास. प्रत्यक्षात सरासरी नऊ भरले आणि नऊ पुरेसे होते.

सासूबाईंना सराव लागला नाही. बापाला लागला. पहिल्या रात्री त्याने पट्टा पोटावर आवळला, वर ढिला ठेवला. पाऊण तासात बाळ खाली सरकून हनुवटी टेकली. आई जागी होती म्हणून लक्षात आले. शिवाय तो दिवसभर बागेत औषधाची फवारणी करून येई. फवारणीचे कपडे घराबाहेर काढायचे, साबणाने अंघोळ करायची, धुतलेला सदरा घालून पुढून उघडायचा, आणि मगच बाळ. याला सूट नाही. तंबाखूची चूळही त्याआधी भरायची. छातीवर केस असले तरी काही बिघडत नाही, हा प्रश्न प्रत्येक बाप विचारतो.

झोपेची भीती खरी आहे. आडवे झोपून, सैल बांधलेले बाळ अंगावर ठेवून डोळा लागणे धोक्याचेच. टेक्यावर, पट्टा पक्का असताना लागलेली डुलकी चालते. तरीही रात्री दुसऱ्या माणसाने मध्येच उठून बाळाचा रंग आणि मान पाहायची असे ठरवले.

दूध दर दोन तासांनी. १७५० ग्रॅमला किलोमागे १६० मिलिलिटर धरले तर दिवसाला २८०, म्हणजे बारा वेळा २३ मिलिलिटरच्या आसपास. अंगावर पाजून झाल्यावर ओढ मंद वाटली तर काढलेले दूध बोंडल्याने. बोंडले उकळलेले हवे. टोक ओठाच्या कोपऱ्याशी टेकवून थेंब-थेंब, बाळ गिळेल तसे. घशात ओतले की ठसका लागतो. छातीवरचे तास वाढल्यावर तिसऱ्या दिवसापासून आईचे दूधही वाढले, आणि ‘पातळ दुधा’ची चर्चा आपोआप बंद पडली.

तेलाचा प्रश्न

येथेच बहुतेक सल्ले फसतात. ‘मालिश बंद’ म्हटले की आजी दुखावते आणि पडद्याआड मालिश चालूच राहते. आणि मालिशला आधार नाही असेही नाही. १९८६ मध्ये टिफनी फील्ड आणि सहकाऱ्यांनी प्रकृती स्थिर असलेल्या अपुऱ्या दिवसांच्या बाळांना दिवसातून तीनदा, प्रत्येकी १५ मिनिटे, दहा दिवस मालिश केले. त्या बाळांचे रोजचे वजन न केलेल्यांपेक्षा ४७ टक्के जास्त वाढले. फार हलक्या, गुदगुल्या होतील अशा स्पर्शाने बाळे आक्रसतात. थोडा दाब लागतो.

पण तो दाब बोटांच्या पेरांचा. डाळीच्या पिठाने लव घासून काढणे म्हणजे कागदासारखी पातळ कातडी सोलणे आणि जंतूंना वाट करून देणे. म्हणून तडजोड झाली: शेकवणाऱ्या बाईने बाळंतिणीला चोळावे, बाळाला हात लावू नये. सासूबाईंनी दुपारच्या त्यांच्या पाळीत, बाळ छातीवर असतानाच, चमचाभर कोमट खोबरेल हातावर घेऊन पाठीला आणि पायांना शालीच्या आतून पुसल्यासारखे लावावे. पीठ नाही, धुरी नाही, शेगडी खोलीबाहेर. दोन किलो होईपर्यंत अंघोळ नाही, कोमट ओल्या फडक्याने एकेक अंग पुसून लगेच कोरडे. कान-नाकात तेल अजिबात नाही. सासूबाईंनी धुरी सोडून बाकी सगळे मान्य केले. धुरी त्या अंगणात करत राहिल्या, त्यावर कोणी वाद घातला नाही.

पुढचे आठवडे

२३ व्या दिवशी वजन १७७०, फारसे समाधानकारक नाही. दोन दिवसांत घाबरून पद्धत बदलायची नसते. तापमान सकाळ-संध्याकाळ ३६.६ ते ३६.९ येत होते, तेच पाहायचे होते. २८ व्या दिवशी १९२०.

डोळ्यांची तपासणी जवळजवळ हुकली. ३४ आठवड्यांआधी जन्मलेल्या किंवा दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाचा दृष्टिपटल ३० दिवसांच्या आत तपासून घ्यावा लागतो. उशीर झाला तर दृष्टी कायमची जाऊ शकते. सासूबाईंचे म्हणणे, “सव्वा महिना ओली बाळंतीण उंबरा ओलांडत नाही.” त्यात थंडी. तोडगा पट्ट्यातच होता. २९ व्या दिवशी ऊन चढल्यावर आई बाळाला छातीवर बांधून, वरून शाल घेऊन नाशिकला गेली. तिथे पोचल्यावर पाय गरम होते. बाहुली मोठी करणारे थेंब घातल्यावर थांबण्याचा तासही बाळाने छातीवरच काढला. पडद्याची वाढ अजून पूर्ण नाही, दोन आठवड्यांनी परत या, असे सांगितले गेले. त्या फेरीला सासूबाई स्वतः बरोबर गेल्या.

मध्ये दीराला सर्दी झाली, दोन दिवसांत बापालाही. सर्दी असलेल्याने बाळ छातीवर घ्यायचे नाही. त्या चार दिवसांत तास सहावर आले. आईला सर्दी झाली असती तर मात्र तिने नाका-तोंडाला कापड बांधून, हात धुऊन चालू ठेवायचे असते, कारण तिचे दूध आणि स्पर्श दोन्ही तोडण्याचा तोटा जास्त. बारशाच्या दिवशी तर फक्त चार तास भरले. पाहुण्यांत बाळ फिरवले गेले, संध्याकाळी पाय पुन्हा गार. पूर्ण रात्र छातीवर काढल्यावर ठीक.

४२ व्या दिवशी २३३० ग्रॅम. त्यानंतर बाळ स्वतःच खुणा देऊ लागले: पट्ट्यात हात-पाय ताणणे, मान उचलून बाहेर पडू पाहणे, घाम, कुरकुर. अडीच किलोच्या आसपास बहुतेक बाळे असे करतात आणि त्यांना जबरदस्तीने बांधून ठेवायचे नसते. ४८ व्या दिवशी अडीच किलो भरल्यावर दिवसाच्या पाळ्या थांबल्या. अंघोळीनंतर आणि पहाटेच्या गारठ्यात मात्र आणखी महिनाभर चालू राहिल्या. ‘अंगाची सवय लागेल’ ही शेजारणींची भीती कोणी खोडत बसले नाही; खाली ठेवल्यावर बाळ झोपत होते.

त्या तालुक्यातल्या कक्षाने सुटीच्या कार्डावरची ओळ बदलावी अशी शिफारस या प्रकरणातून निघते. ‘चालू ठेवा’ऐवजी दोन रकाने: कोणत्या वेळी, कोण. ते सुटीच्या आदल्या दिवशी सासू किंवा आई आणि नवरा दोघांना समोर बसवून भरायचे. घरात आडोसा कुठे आहे आणि टेका कशाचा करणार, हे सिस्टरने विचारायचे. पट्टा कक्षातूनच द्यायचा, बापाकडून एकदा बांधून घ्यायचा, आणि आशाताईचा नंबर फिरवून बाळ निघण्याआधी तिला कळवायचे.